चेंडू आणि राई

९ जानेवारी

आजपासून लिहून ठेवायचं. रोजनिशीचा मला कंटाळा. कॉलेजात एकदा सुरू केली होती, आठवड्यात बंद पडली. पण आता कारण आहे. शुक्रवारी मी मायक्रोस्कोपवर कापड टाकून निघाले तेव्हा डोळ्यांच्या नळ्यांमधलं अंतर माझ्या मापाचं होतं. आज सकाळी ते वाढलेलं होतं, म्हणजे माझ्यापेक्षा रुंद चेहऱ्याचं कोणीतरी तिथे बसलं होतं. स्लाइडींच्या पेटीत सतरा नंबरची स्लाइड उलटी घातलेली. माझ्या टेबलाला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही, हे संस्थेच्या रखवालदारापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

मग शनिवारी-रविवारी कोण आलं होतं?

११ जानेवारी

उद्या कोणी विचारलं तर ही वही दाखवता यावी, म्हणून काय चाललं आहे ते एकदा नीट मांडते.

गावाबाहेरच्या टेकडीवर जुनं जंगल आहे आणि जंगलाच्या मध्यभागी एक तळं. चार वर्षांपूर्वी आम्ही तराफ्यावर उभं राहून त्या तळ्याच्या तळातून तीन मीटर लांब गाळाची कांडी काढली. आम्ही म्हणजे मी आणि नदीवाले. हे गृहस्थ पलीकडच्या खोलीत बसून नदीच्या गाळाचा अभ्यास करतात, म्हणून ते नदीवाले. वरच्या मजल्यावर राख चाळत बसतात ते ज्वालामुखीवाले. (ज्वालामुखी इथून विमानाच्या अंतरावर आहे, पण आव असा की जिन्याखालीच धुमसतो आहे.) मी परागकण मोजते. गाळाच्या प्रत्येक थरात त्या त्या काळचे परागकण अडकलेले असतात. आम्लात सगळं विरघळतं, ते उरतात. मग काचेवर घ्यायचे, गुलाबी रंग द्यायचा आणि एकेक करून मोजायचे. गवताचे कण मोठे, गोल, गुळगुळीत. त्यांना आम्ही चेंडू म्हणतो. जंगलातल्या मोठ्या झाडांचे कण अगदी बारीक, ती राई. राई जास्त तर तेव्हा तिथे जंगल होतं. चेंडू जास्त तर माळरान.

टेकडीखाली खडी आहे आणि खाणवाल्यांना ती हवी आहे. हे जंगल मुळात जुनं नाही, शंभरेक वर्षांत माळावर वाढलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. जुनं ठरलं तर त्याला हात लावता येणार नाही. खरं काय ते आमच्या कांडीवरून ठरायचं आहे. समिती जूनमध्ये बसणार.

मोजणीची पहिली फेरी दोन वर्षांपूर्वी झाली. वीस, चाळीस, साठ, असे वीस-वीस सेंटीमीटरवरचे नमुने घेतले. वरपासून खालपर्यंत राईच राई; चेंडू कुठेच शंभरात पंचवीसच्या वर नाहीत. आता नोव्हेंबरपासून मधले नमुने मोजते आहे. दहा, तीस, पन्नास. ओळीने नाही, ज्याची स्लाइड तयार होईल ती आधी.

आणि या मधल्या नमुन्यांत चेंडू वाढले आहेत.

१९ जानेवारी

एकशेतीस सेंटीमीटर. चेंडू चौतीस. त्याच्या वरच्या आणि खालच्या नमुन्यात मात्र एकवीस आणि तेवीस.

दुपारी चहाला नदीवाले समोर येऊन बसले. आकडे विचारले, मी सांगितले. ते कपाकडे बघत म्हणाले, एकदा कोणाकडून तरी दुसरी मोजणी करून घ्यायची का. मी म्हटलं, तीस वर्षांत माझी मोजणी कोणी तपासलेली नाही. ते अर्धा चहा तसाच ठेवून उठले. पूर्वी हा माणूस माझ्याशी तासन्‌तास बोलत असे.

२ फेब्रुवारी

बल्ब बदलला आहे. कोणी कबूल करत नाही. पूर्वी निम्म्या उजेडात मला सगळं लख्ख दिसायचं, आता बटण शेवटपर्यंत फिरवावं लागतं. भांडारात जाऊन विचारलं तर म्हणे तोच बल्ब, त्याच कंपनीचा. स्वस्तातला आणून खोक्यात भरला असणार. रंगाचंही तेच. गुलाबी कसला, चहा सांडल्यासारखा दिसतो. टिपकागदला बोलावून विचारलं, शिळा रंग वापरतेस का. ही मुलगी माझ्या स्लाइडी बनवते. सगळं टिपून घेते आणि तोंडातून अक्षर काढत नाही, म्हणून टिपकागद. तिने बाटली दाखवली, मागच्याच आठवड्यात उघडलेली. मग नळ्यांना डोळे लावून बघायला वाकली आणि चटका बसल्यासारखी मागे झाली.

"बाई, केवढा हा उजेड," म्हणाली.

विषय कसा बदलावा ते या मुलीकडून शिकावं.

१४ फेब्रुवारी

एक बरी बातमी. आज सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवला. गेली बारा वर्षं वाचायचा चष्मा गळ्यात बांधून फिरते आहे, आता तो लागेनासा झाला. पेपरमधल्या बारीक जाहिरातीसुद्धा वाचल्या. ह्यांना दाखवलं तर हसले नाहीत. म्हणाले, डॉक्टरांना एकदा दाखवूया. म्हटलं, डोळे सुधारले म्हणून डॉक्टरकडे जाणारी मी पहिलीच बाई असेन.

हे निवृत्त झाल्यापासून घरात डॉक्टरांचं नाव फार निघतं. नकाशे छापण्यात आयुष्य गेलं, आता काम नाही. मग बायकोची काळजी करायची.

२६ फेब्रुवारी

पन्नास सेंटीमीटर. चेंडू एक्केचाळीस.

५ मार्च

बाटली पुसावी तशी एकेक शक्यता पुसून काढली. मोजणीची चूक? नाही. स्लाइड बनवतानाची चूक? टिपकागद अबोल आहे, पण तिचा हात स्वच्छ आहे. तळ्याचाच इतिहास असा असेल? म्हणजे वीसला जंगल, तीसला माळ, चाळीसला पुन्हा जंगल, पन्नासला पुन्हा माळ? निसर्ग असा एकाआड एक पावलं टाकत नाही. एकाआड एक माणूस करतो.

पहिल्या फेरीतल्या स्लाइडी मोजून झाल्यावर कडेला लाख लावून, सही करून संचालकांच्या कपाटात कुलपात ठेवल्या होत्या. मधले नमुने मात्र शीतगृहात उघड्या फळीवर होते. कोणाला बदलायचे असतील तर तेवढेच बदलता येतील.

बदलायचे कशाने? माळावरच्या, नदीकाठच्या गाळाने. तसा गाळ पिंपाने कोणाकडे पडलेला आहे?

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं मात्र.

११ मार्च

आज रविवार. मुद्दाम न सांगता संस्थेत गेले. रखवालदार मला बघून चपापला. माझ्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि माझ्या खुर्चीवर नदीवाले बसले होते, माझ्या नळ्यांना डोळे लावून. डाव्या हाताशी कागद, त्यावर रेघांचे पुंजके. हा माणूस मोजत होता.

मी विचारलं, काय चाललंय. ते उठले. कागद घडी करून खिशात टाकला. म्हणाले, "तुमच्याशी बोलायचंच होतं. पण तुम्ही ऐकून घ्याल असं वाटेना."

"मग आता बोला."

त्यांनी खुर्ची टेबलाखाली सरकवली. मग म्हणाले, "आज नको. तुम्ही चिडलेल्या आहात."

चोर सापडल्यावर घरमालकाला म्हणतो, तुम्ही चिडलेले आहात.

१२ मार्च

खोलीचं कुलूप बदलून घेतलं. दुसरी किल्ली संचालकांकडे. ही वहीसुद्धा आता कपड्यांच्या कपाटात, कुलपात.

२९ मार्च

दोनशे पन्नास सेंटीमीटर. चेंडू बावन्न. कुलूप बदलूनही. म्हणजे नमुने आधीच बदलून झालेले होते.

फाटकाशी खाणवाल्यांची जीप उभी होती. नदीवाले खिडकीशी वाकून आतल्या माणसाशी बोलत होते, हातवारे करत. जीप खाणीचीच की दुसरी कोणाची, नाव नीट वाचता आलं नाही, संध्याकाळचं ऊन डोळ्यावर होतं. पण रंग तोच.

७ एप्रिल

घरी येताना वळणावर कडेच्या दगडाला गाडी घासली. समोरून येणारे सगळे हल्ली मुद्दाम मोठे दिवे लावतात, त्या दिव्यांना आजूबाजूला काटे फुटल्यासारखे दिसतात. कोणाला काही बोलायची सोय नाही. ह्यांनी घासलेला पत्रा बघितला, हात फिरवला आणि आत गेले. सकाळी गाडीची किल्ली खुंटीवर नव्हती. विचारलं तर म्हणाले, दुरुस्तीला द्यायची आहे, मी तुला सोडतो आणि आणतो.

दिवसभर मी कुठे असते हे यांना आता माहीत हवं, असं दिसतंय.

१५ एप्रिल

नव्वद सेंटीमीटर. अठ्ठावन्न.

हे स्नानाला गेले असताना त्यांचा फोन वाजला. पडद्यावर नदीवाल्यांचं नाव. मी उचलला नाही, वाजून बंद पडू दिला. मग आधीचे फोन बघितले. मार्चपासून सात. एक तर त्या रविवारीच, मी घरी पोचायच्या आत.

छत्तीस वर्षांचा संसार. या माणसाने माझ्यापासून आजवर काही लपवलं असेल तर ते लेकीच्या लग्नात हरवलेलं पाकीट. आता माझ्याच घरात, माझ्यामागे, त्या माणसाशी सात वेळा काय बोलणं झालं?

विचारणार नाही. विचारलं की सावध होतील.

२० एप्रिल

संचालकांना लेखी तक्रार दिली. दोन पानं, तारखांसकट. नमुने बदलल्याचा संशय, बंद दिवशी माझ्या खोलीत प्रवेश, खाणीच्या माणसांशी संबंध. संचालकांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, नक्की ना. मी म्हटलं, तीस वर्षांत मी खात्री नसताना एक दाणा लिहिलेला नाही.

बाहेर आले तर पाय हलके वाटत होते. जिन्याची शेवटची पायरी चुकली, एवढंच.

२४ एप्रिल

चौकशी होईपर्यंत नदीवाल्यांनी संस्थेत यायचं नाही, कुठल्याही नमुन्याला हात लावायचा नाही. नदीकाठच्या त्यांच्या खोलीलाही कुलूप. तिथून ते अकरा वर्षं रोज सकाळी बाटलीत पाणी भरतात, गाळाचं वजन करून लिहून ठेवतात. एक दिवस चुकलेला नाही, ताप असताना बायकोच्या खांद्यावर हात ठेवून गेले होते. किल्ली त्यांनी माझ्यादेखत टेबलावर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. एवढंच म्हणाले, पुढच्या महिन्यात पाणी चढेल, तेव्हा कोणाला तरी पाठवा. संचालकांनी ज्वालामुखीवाल्यांकडे बघितलं, ते छताकडे बघू लागले.

ह्यांना घरी येऊन सांगितलं. ताट पुढे सारून उठले. "तू हे काय केलंस," एवढंच. म्हणजे बातमी लागली ती बरोबर ठिकाणी.

६ मे

हे आता कामापुरतं बोलतात. भाजीत मीठ किती, दिवा बंद केला का. आज संध्याकाळी जवळ येऊन बसले. म्हणाले, त्याने मला काय सांगितलं ते तू एकदा ऐक. मी म्हटलं, चौकशी समितीला सांगा. उठून गेले.

मी खिडकीतून बराच वेळ रस्ता बघत होते. लोकांचे चेहरे हल्ली लांबून ओळखू येत नाहीत. सगळे टाळून पुढे जातात असं वाटतं.

१९ मे

पाऊस वरच्या डोंगरात तीन दिवस पडतोय. नदी पुलाच्या दुसऱ्या खुणेपर्यंत आली. संस्थेत सगळे गच्चीवरून बघत होते. टिपकागद हळूच म्हणाली, सरांनी अकरा वर्षं वाट बघितली असेल अशा पाण्याची. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

२३ मे

पूर ओसरला. नदीकाठच्या खोलीचं कुलूप कोणी काढलं नाही.

२ जून

जंगलाच्या समितीला अजून वीस दिवस. चौकशीसाठी संचालकांनी टिपकागदला सगळ्या मोजण्यांचा एकच तक्ता करायला सांगितला होता. नमुना किती खोलवरचा, चेंडू, राई, स्लाइड कोणी बनवली, कधी मोजली. दुपारी ती दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

"बाई, रागावणार नसाल तर एक दाखवू?"

तिने दोन कागद समोर ठेवले. पहिल्यावर माझे आकडे सेंटीमीटरांच्या ओळीने मांडलेले, तेच एकाआड एक, करवतीचे दात. दुसऱ्यावर तेच आकडे, पण मोजल्याच्या तारखेप्रमाणे. करवत नव्हती. एक जिना होता. नोव्हेंबर अठ्ठावीस, जानेवारी चौतीस, फेब्रुवारी एक्केचाळीस, मार्च बावन्न, एप्रिल अठ्ठावन्न. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा वर.

"गाळाला कसं कळणार, बाई, तुम्ही त्याला कधी मोजणार ते," ती म्हणाली. एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मी तिला विचारलं, हे तुला नदीवाल्यांनी शिकवलं का. तिचे डोळे भरले. नाही म्हणाली आणि कागद तिथेच ठेवून गेली.

तेव्हापासून मी त्या दुसऱ्या कागदाकडे बघते आहे. खोटं ठरवायला सोपं आहे. संचालकांच्या कपाटात पहिल्या फेरीतली साठ नंबरची स्लाइड आहे. लाख माझी, सही माझी, किल्ली संचालकांची. ती कोणी बदललेली असणं शक्यच नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्यात चेंडू बावीस होते. उद्या ती पुन्हा मोजते. बावीस आले की हा कागद त्या मुलीच्या हातात परत देते.

३ जून

एकसष्ट.

४ जून

काल पुढे लिहवलं नाही.

काल सकाळी संचालकांच्या समोर लाख तपासली. अखंड. सही माझी. तीनशे दाणे मोजायला अडीच तास लागले. शंभराच्या आसपासच मला कळलं होतं, तरी मी तीनशे पुरे केले. मग टिपकागदला बोलावून माझ्या जागेवर बसवलं. तिने आधी उजेड निम्म्याने कमी केला. मी म्हटलं, या चौकटीत काय दिसतं ते मोठ्याने सांग. एक चेंडू, म्हणाली, आणि राई नऊ. अकरा. थांबा बाई, कडेला अजून चार. मी पुन्हा बसले. एक चेंडू दिसला. बाकी नुसतं धुकं, चहाच्या रंगाचं. नोव्हेंबरपासून मी ते धुकं म्हणजे रिकामी काच समजत होते.

तिला म्हटलं, रंग कसा दिसतो. ती म्हणाली, गुलाबी.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. बल्ब. सुई. गाडीच्या दिव्यांचे काटे. पायरी. सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं आहे, तारीखवार, दुसऱ्याविरुद्धचा पुरावा म्हणून.

हे स्वयंपाकघरात कणीक मळत होते. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "त्याने तुम्हाला काय सांगितलं होतं?"

त्यांनी हात धुतले नाहीत. तसेच पिठाचे हात घेऊन खुर्चीत बसले. "तुला दिसत नाहीये, असं सांगितलं. तुला सांगायची छाती होत नाही, म्हणाला. मला म्हणाला, तुम्ही सांगा. मीही नाही सांगू शकलो. डोळे म्हणजे तुझं सगळंच."

"सात वेळा बोललात."

"सातही वेळा हेच बोललो. कसं सांगायचं."

९ जून

मोतीबिंदू. दोन्ही डोळे, उजवा चांगलाच पिकलेला. डॉक्टरबाईंनी विचारलं, मध्यंतरी जवळचं चष्म्याशिवाय दिसायला लागलं होतं का. मी म्हटलं, हो, मला वाटलं सुधारले. त्या हसल्या, म्हणे बहुतेकांना असंच वाटतं. भिंग फुगतं, म्हणून तेवढे दिवस जवळचं साफ दिसतं. रंग तपकिरी होतो, तोही इतका हळू की माणसाला वाटतं जगच जुनं झालं.

ह्यांनी माझी पर्स धरली होती. बाहेर आल्यावर मी पर्स मागितली नाही, हात धरला.

१० जून

संचालकांना पत्र. तक्रार मागे घेते असं एका ओळीत लिहिता आलं असतं. तसं केलं नाही. तीन पानं झाली. नमुने कोणी बदललेले नव्हते. खाणीच्या जीपचं लिहिलं होतं, ती जीप कोणाची हे मला वाचता आलेलं नव्हतं. (संचालकांनी सांगितलं, पाणीपुरवठ्याची होती.) दुसऱ्या फेरीतले माझे सगळे आकडे रद्द समजावेत. मोजणी दुसऱ्या कोणाकडून व्हावी. समितीने मुदत वाढवून द्यावी.

संचालकांनी वाचून चष्मा काढला. म्हणाले, तुमचं नाव खराब होईल. मी म्हटलं, नदीवाल्यांचं मी आधीच खराब केलं आहे.

त्यांनी नदीवाल्यांना फोन लावला, माझ्यादेखत. पलीकडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. फोन ठेवून संचालक म्हणाले, उद्यापासून येतो म्हणाला, बाकी काही बोलला नाही.

११ जून

नदीवाले आले नाहीत. संस्थेत आले नाहीत, असं म्हणायला हवं. किल्ली नेली आणि थेट नदीवर गेले.

८ जुलै

उजव्या डोळ्याची पट्टी काल काढली. स्वयंपाकघराची भिंत पिवळसर आहे अशी माझी समजूत होती. पांढरी आहे. ह्यांच्या केसांत काळा आता एकही नाही. माझ्या चेहऱ्याविषयी लिहीत नाही. निळा रंग मी विसरले होते. दाराबाहेर प्लास्टिकची बादली पडली होती, तिच्याकडेच बराच वेळ बघत उभी राहिले. ह्यांना वाटलं, काही हरवलं.

१२ ऑगस्ट

दुसरा डोळाही झाला. दुसरी फेरी टिपकागदने मोजली. मी वेगळ्या खोलीत, तिचे आकडे न बघता मोजली. आज कागद जुळवले. वरपासून खालपर्यंत राई. एकशेसत्तरला मात्र दोघींनाही चेंडू चाळीसवर मिळाले आणि कोळशाचा चुरा. तिथे खरोखरच कधीतरी वणवा लागला होता आणि काही वर्षं माळ होता. टिपकागदने विचारलं, हे द्यायचं का, खाणवाले नेमकं तेच धरून बसतील. मी म्हटलं, दिसलं ते द्यायचं. अहवालावर पहिलं नाव तिचं घातलं. संध्याकाळी निघताना माझ्या मायक्रोस्कोपवर कापड तिने टाकलं, आणि मी टाकू दिलं.

९ सप्टेंबर

समितीचा निकाल आला. जंगल जुनं ठरलं. एकशेसत्तरच्या वणव्यावरून दोन तास वाद झाला म्हणे. खाणवाले वर दाद मागणार आहेत. मागू देत, स्लाइडी आहेत, कोणीही येऊन मोजावं.

नदीवाले संस्थेत येतात, कामापुरतं बोलतात. माझ्या खोलीवरून जाताना आत बघत नाहीत. मी तीनदा दारापर्यंत जाऊन परत आले. उद्या नदीवर जाणार.

१० सप्टेंबर

सकाळी ह्यांनी पुलाशी सोडलं. बरोबर येऊ का, विचारलं; नको म्हटलं.

खोली लहान आहे. टेबल, तराजू, बाटल्यांच्या रांगा आणि भिंतीला लागून अकरा वर्षांच्या मोठ्या नोंदवह्या. नदीवाले बाटलीतलं पाणी गाळत होते. बसा म्हणाले नाहीत, मीच स्टूल ओढून बसले. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत मी थांबले.

मी म्हटलं, माफी मागायला आले आहे.

ते म्हणाले, पत्र वाचलं मी. चांगलं लिहिलंत.

"पत्र संचालकांना होतं."

त्यांनी बाटली खाली ठेवली. मग बोलले, हळू, मध्ये मध्ये थांबत. माझी चूकही आहे म्हणाले. डिसेंबरच्या बैठकीतच आकडे ऐकून त्यांना शंका आली होती. तोंडावर सांगायला हवं होतं. त्याऐवजी रविवारी चोरासारखं येऊन मोजत बसले. आधी स्वतःची खात्री करू, मग सांगू, असं करत तीन महिने गेले. तराफ्यावर उभं राहून मी त्यांना चिखलातला एक दाणा भिंगातून दाखवला होता, त्या डोळ्यांना तुम्हाला दिसत नाही असं कोणत्या तोंडाने सांगायचं. त्यापेक्षा चोर होणं सोपं वाटलं.

मी पुराचं विचारलं. दुसऱ्या कोणी काही नोंद ठेवली असेल, पुलावरून कोणी पाणी भरलं असेल, काही करता येईल का.

"पूर माझ्यासाठी थांबणार नव्हता," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "अकरा वर्षांत एवढं पाणी आलं नव्हतं. पुढे येईल तेव्हा मी असेन की नाही, माहीत नाही. ते काही तुमच्याने परत मिळणार नाही. तसं बोलूही नका."

त्यांनी या वर्षीची वही काढली आणि उघडून माझ्यापुढे ठेवली. चोवीस एप्रिलपर्यंत त्यांचं बारीक अक्षर. मग सत्तेचाळीस ओळी रिकाम्या, फक्त तारखा घातलेल्या. अकरा जूनपासून पुन्हा अक्षर. रिकाम्या ओळींपुढे शेवटचा रकाना होता: नोंद नसल्यास कारण.

"हा रकाना मी भरलेला नाही," म्हणाले. "काय लिहायचं कळेना. मी आजारी नव्हतो. तराजू बिघडला नव्हता. पन्नास वर्षांनी कोणीतरी ही वही उघडेल, त्याला कळायला हवं."

पेन त्यांनी दिलं नाही. टेबलावर होतं, ते मी उचललं. सत्तेचाळीस ओळींना मिळून एक कंस घातला आणि त्याच्यापुढे लिहिलं: निरीक्षक कामावर येण्यास तयार होते. माझ्या चुकीच्या तक्रारीमुळे त्यांना रोखण्यात आले. या काळात मोठा पूर येऊन गेला, त्याचे मोजमाप नाही. खाली सही केली, नाव स्वच्छ अक्षरांत काढलं.

त्यांनी वही आपल्याकडे फिरवून वाचली. एकदा, मग बोट फिरवत दुसऱ्यांदा. वाटलं, आता काही बोलतील.

"तारीख राहिली," म्हणाले, आणि वही परत माझ्याकडे सरकवली.

मी तारीख घातली.